आधार उताऱ्यातलाच हवा

बसथांब्याच्या बाकावर शिवणकामवाल्या बाई मांडीवरच्या शर्टाला बटण लावत बसल्या होत्या. शेजारी बापलेक, मुलीच्या गुडघ्यावर इंग्रजीचं पुस्तक.

"तो फाटकापर्यंत आला, खिडकीत दिवा दिसला आणि तो परत फिरला. का फिरला, ते लिहायचंय. आधार उताऱ्यातलाच हवा."

"टीचर काय म्हणतात?"

"भित्रा आहे म्हणून."

"भित्रा कशाला? दिवा दिसला, म्हणजे आत सगळं सुरळीत चाललंय. आपण जाऊन उगाच विरजण का घालायचं, असं वाटलं असेल त्याला."

"सुरळीत चाललंय असं कुठे लिहिलंय?"

"दिवा आहे की."

"दिवा कोणीतरी लावून ठेवलाय, बाबा. एवढंच लिहिलंय."

बाईंची सुई शर्टातच थांबली.

"मग तू काय लिहिणार?"

"त्याने बेल वाजवून बघायला हवी होती."

"हे काही प्रश्नाचं उत्तर नाही झालं."

"माहितीये."

"चल, बस आली. आई वाट बघत असेल. फाटकापर्यंत सोडतो तुला."

"फाटकापर्यंत तर तू नेहमीच येतोस."