आईवर थुंकलेल्या मुली

थेसालोनिकीच्या गॅलरीत, जुन्या खेड्यांच्या फोटोंपुढची रांग दोन म्हाताऱ्या बहिणींनी अडवून धरली होती. मी त्यांच्या मागेच अडकलो होतो.

“ताई, ही आपली आई! आणि तिच्या पुढ्यात आपण.”

“तोंडाचा चंबू बघ तिच्या!”

“फोटोवाला म्हणाला ना, किती गोड मुली! लगेच थुंकली आपल्यावर, दृष्ट लागू नये म्हणून.”

“फोटोपुरतं तरी थांबायचं!”

“ती कसली थांबतेय! मला मेली लाज वाटायची.”

“मलाही. पण इव्हान्थिया, आई दिसायची किती सुंदर गं!”

“तर काय! सकाळपासून जो तो तिच्याकडेच बघतोय.”

“थू, थू, थू!”

“अहो आजी!” पहारेकरी धावला. “फोटोवर थुंकताय काय?”

“मग कोण थुंकणार, बाबा? तिला आता आम्हीच उरलोय.”