दहा मायक्रॉन, पण कुठला?

न्हाई वो दादा, नुसतं 'दहा मायक्रॉन' लिहून चालत न्हाई — नॉमिनल का अ‍ॅब्सोल्यूट, ते आधी सांगा. हसताय काय? पुण्याहून फिल्टर विकायला आलात आन् कारेगावच्या स्टोअरातली बाई तुम्हालाच शिकवतीय, म्हणून? बसा, च्या सांगितलाय. मी काय इंजिनेर न्हाई, शिरूरच्या कॉलेजातली बी. कॉम. इथं लागले तवा बायपास म्हंजी मला गावाबाहेरून जाणारा रस्ता ठाऊक — फिल्टर तुंबला की तेल न गाळताच पुढं सोडणाऱ्या झडपेला बी बायपास म्हणत्यात, हे मला कोण सांगणार? व्हिस्कॉसिटी तर महिनाभर जिभेवर बसंना. तेलाचा दाटपणा म्हणा की सरळ! हे सगळं शिकवलं धम्मदीपनं. मेंटेनन्सचा फिटर, दौंडचा. माल न्यायला आला की सही करता करता रोज एक शब्द — "राजश्री मॅडम, तुमचा एक केस हाय ना, तो सत्तर मायक्रॉन जाड." मी म्हणलं, माझ्या केसाचं माप कवा घेतलं? — ते जाऊ द्या. बिस्कीट घ्या.

तर नॉमिनलचं. गेल्या सालीच, दोन हजार तीनला. पत्रा दाबायच्या मोठ्या प्रेसचे फिल्टर संपले, मी मागवले. जुन्या कागदावर होतं अ‍ॅब्सोल्यूट, नव्या कॅटलॉगात नॉमिनल — मला वाटलं कंपनीचं नाव-बिव असंल, दहा ते दहाच. कसलं दहा! नॉमिनल म्हंजी दहाच्या वरची घाण बरीचशी अडवणार, सगळी न्हाई. अ‍ॅब्सोल्यूट म्हंजी अडवलीच समजा. महिन्याभरात तेलातली कचकच व्हॉल्वात जाऊन बसली आन् प्रेस खाली येता येता मधीच अडकला. दोन दिवस बंद. कुणाचा हात सापडला न्हाई, एवढंच नशीब. सोपानराव साहेबांनी — आमचे प्लांट मॅनेजर — सगळ्यांना उभं केलं, फिल्टर वर धरला. "हा कुणी मागवला?" आन् हा धम्मदीप म्हणतो, "मीच सांगितलं होतं मॅडमना. चूक माझी." साफ खोटं! त्याच आठवड्यात त्याचं पर्मनंटचं पत्र निघायचं होतं — थांबलं की. आन् मी? मी ते खोटं चालू दिलं. खाली मान घालून स्टोअरात परत आले.

घास उतरंना वो. आई म्हणली, आजारी हायेस का? तिसऱ्या दिवशी सकाळी गेले केबिनात, कागदावर लिहूनच दिलं — ऑर्डर माझी, चूक माझी, फिटरला कुणी विचारलं बी नव्हतं. नोकरी गेलीच असं धरून डबा, पर्स सगळं उचलूनच गेले होते. साहेबांनी दोनदा वाचलं. म्हणले, "ह्या सगळ्या शब्दांचे अर्थ मराठीत लिहून भिंतीवर लावा. परत चुकलात तर घरी." ती बघा तुमच्या डोक्यामागं यादी — अक्षर माझं, अर्थ त्याचे. त्याचं पत्र बी महिन्यानं निघालं. मला वाटलं खूश असंल, तर आला तणतणत — "आयुष्यात एक खोटं बोललो, ते बी टिकू दिलं न्हाईस!" मॅडमवरनं एकदम अगं-तुगंवर. मी बी सोडते व्हय? तुला कुणी सांगितलं होतं रे? — असं भांडलो, असं भांडलो, खिडकीत माल न्यायला आलेल्यांची लाईन लागली.

आता? आता काय, चाललंय. ऐतवारी त्याची आई येतीय आमच्याकडं, कस्तुराबाई, आन् मी अजून आप्पांना — अगं बाई! हे काय सांगत बसले मी तुम्हाला? माझ्या बापाला ठाऊक न्हाई आन् तुम्ही हे पुण्याला घेऊन चाललात. कुणाला बोलू नका हां — न्हाई म्हंजी बोलणार कुणाला, ओळखता कुणाला इथं तुम्ही? तो काय, खिडकीशी आलाच तो. तसं वळून बघू नका ना! कोटेशन ठेवा टेबलावर आन् उठा. उठा दादा. च्या बाहेर प्या.