खाकी शर्ट

शहागंजातल्या फोटो फ्रेमच्या दुकानात माझ्यापुढं एक तरुण होता. दुकानदार चाचांनी त्यानं दिलेला फोटो कम्प्युटरवर मोठा केला.

"आजोबा का?"

"व्हय. रामकिसननाना. परवा दहावा हाय. चाचा, ह्यो खाकी शर्ट काढून कोट टाका."

"टाकतो. लई लोक टाकून घेतात. काय करायचे आजोबा?"

"ट्रक चालवायचे. चाळीस वर्षं."

"खांद्यावर हा बारका हात कुणाचा?"

"माझा. मला केबिनमध्ये बसवून गंगापूरपर्यंत न्यायचे. मी झोपलो की हॉर्न वाजवायचे नाय."

"कोट टाकला की हात जाईल, बेटा."

"जाऊ द्या."

"पण कोट कशाला?"

"दहाव्याला सासरचे येणारेत. सोयरीक जमवताना मी त्यांना सांगितलं, आजोबांचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस हाय."

"लग्नात बघितलं असंल की त्यांनी."

"लग्नात मीच सांगितलं, आजोबा आजारी हायत, आले नाय. नाना खाकी घालून कार्यालयाबाहेर पाव्हण्यांच्या गाड्या लावून घेत होते. सासऱ्यांची बी त्यांनीच लावली. सासऱ्यांनी बक्षीस म्हणून हातावर नोट ठेवली."

"घेतली त्यांनी?"

"घेतली. सलाम बी केला. मी शेजारीच उभा होतो."

"तू काय बोलला?"

"सासऱ्यांना म्हणलं, चला आत."

"मग कोट घातला तरी सासरे चेहरा ओळखतील ना."

"नाय ओळखायचे, चाचा. त्यांनी त्या दिवशी निस्ता खाकी शर्ट बघितला."