मामाची कंबर अन् पाच पोती धान

पिकअप घेऊन राहिला ना तू? मंग आधी मागच्या चाकावरच्या कमानीच्या पाट्यांचं माह्यं ऐक.

शोरूमवाला म्हणे, "मागं साधे पाटे घ्या, आरामात बसाल." मी म्हटलं, "आराम कायले पायजे? धान वाहाचं हाय." जड मालाचेच घेतले. तेवढ्यानं जीव भरला नाही, तर साकोलीच्या मिस्त्रीकडून दोन्ही बाजूनं एकेक पाटा वाढवला. आता गाडी भरली का मख्खन चालते, रिकामी असली का बेडकावाणी उडते.

अन् नेमकं मामासोबत पोरगी पाहाले एकोडीले जाचं होतं. मामाची कंबर आधीच गेलेली. म्हणून वजनाले मागं धानाची पाच पोती टाकली. मामा रस्ताभर घोरतच गेला.

तिकडं आमचे पोहे चालू, अन् पोरीच्या बापानं पोती उतरवून घरात नेली! "पाव्हणे, इतकं कायले आणलं जी?" म्हणे, डोळ्यात पाणी. आता त्याले कोणत्या तोंडानं सांगू, का हे गाडी दाबाले आणलं? मामानं रिकामी गाडी पाहिली अन् पोहे सोडून कंबरच धरली.

तेवढ्यात पोरगी गाडीच्या मागच्या चाकाकडं पाहून म्हणाली, "बाबा, पोती परत चढवा. आपल्या दादानंही असेच पाटे वाढवले होते, रिकामी गाडी लय उडते."

मी तोंड उघडाच्या आधी मामा ओरडला, "पोरगी पसंत!"

पोरगी म्हणे, "माह्यं मंग सांगीन. आधी ते वाढवलेले पाटे काढा."

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं दुकान उघडलं, तं शटरसमोर मी उभाच!