टाकीवरून भरलेली माहिती

दुष्काळात एकदा मी गावभरच्या बायांना फसवलं, यार! खुलताबादजवळ मास्तर होतो तेव्हा. शासनाच्या निधीतून शाळेला नवाकोरा टॅब आलेला. पोरांची आणि शहरात कामाला गेलेल्यांची माहिती त्यात भरायची, तीही त्याच दिवशी. रेंज मात्र फक्त कोरड्या पडलेल्या पाण्याच्या टाकीवर. चढलो.

खालून आमचे शिपाई रफिकभाई ओरडले, “भरलं का, सर?”

मी वरून ओरडलो, “अर्धं भरलं!”

झालं! सगळ्या बाया हंडे घेऊन टाकीखाली हजर. खरं काय ते सांगितलं आणि शिव्यांची वाट बघत बसलो. तर धुरपदाकाकू हंडा पालथा घालून त्यावरच बसल्या.

“लिहा मास्तर, माझा बाळू वाळूजला कंपनीत हाय. आमचं नाय तर नाय, तुमचं तरी भरू द्या.”