हातांनी मारलेली हाक

सभेच्या अध्यक्षा आदरणीय गंगूताई, मुलींच्या शाळेतून वेळ काढून आलेल्या मोठ्या बाई शालूबाई, आज ज्यांना निरोप द्यायचा त्या सत्कारमूर्ती माझ्या अनुसूयावहिनी, आणि देवळाच्या या सभामंडपात दाटीवाटीने सतरंजीवर बसलेल्या माझ्या आया-बहिणींनो,

सुरुवातीलाच एक परवानगी मागते. मी हातात कागद धरणार नाही. वहिनींना ऐकू येत नाही, बोलता येत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. ज्यांच्यासाठी समारंभ, त्यांनाच एक शब्द कळू नये, हे काही बरे नव्हे. म्हणून तोंडाने आपल्याशी आणि हातांनी त्यांच्याशी, असे दोन्हीकडून बोलते. मध्येच थांबले तर हात मागे राहिले असे समजून घ्यावे. मला भीती वाटते आहे. आमच्या घराण्यात शाळेची पायरी चढलेली मी पहिली मुलगी, पण सभेत उभे राहायला शाळेत कुणी शिकवले नाही. शिवाय दुसरीही एक भीती आहे. ती ओघात सांगेन.

चार हिवाळे वहिनींनी याच मंडपात शिवणाचा वर्ग घेतला. कळमनुरीच्या किती घरांत आज त्यांच्या हाताखालून गेलेली चोळी आहे! परवा रुक्माबाई म्हणाल्या, "चार वर्षांत बाई कुणाला टोचून बोलल्या न्हाईत." आणि लगेच स्वतःच जीभ चावली. रुक्माबाई, लाजू नका. टोचायचे असले म्हणजे त्या कसे टोचतात हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. तुम्ही एकदा बाही उलटी लावली होती. ती चोळी अंगात घालून, कोपर पाठीकडे वळवून, वहिनी साऱ्या मंडपातून फिरून आल्या. हसून हसून शालूबाईंच्या डोळ्यांत पाणी आले होते. आताही आले आहे, मला दिसते आहे.

उद्या सकाळच्या मोटारीने वहिनी कनेरगाव नाका ओलांडून वाशीमला जाणार. तिकडे वऱ्हाडात माझ्या भावाला, विश्वंभरदादाला, शाळेत जागा मिळाली. तो आठ दिवसांपूर्वीच पुढे गेला आहे. राज्य दुसरे, गाव नवे, ओळखीचे एक माणूस नाही. आणि आपण सगळ्यांनी धरून चालले आहे की त्यांच्या मांडीवर बसून माझ्याकडे टकमक पाहणारी ही रुख्मिणीही त्यांच्याबरोबर जाणार. तसे ठरलेले नाही. अडीच वर्षांच्या या पोरीने मागे आजीजवळ राहायचे, असे आमच्या घरात ठरले आहे. का, ते सांगायचे तर थोडे मागे जावे लागेल. गंगूताई, वेळेची घंटा जरा उशिरा वाजवा.

रुख्मिणीच्या बारशाला मी आत्या म्हणून तिच्या कानात नाव सांगितले, कुर्र केले, आणि रिवाजाप्रमाणे पाठीत धपाटे खाल्ले. आपल्यातल्या काही जणींचा हात जरा जडच होता. वहिनी बाजूला बसून पाहत होत्या. बायका पांगल्यावर त्यांनी मला खुणेने विचारले, तू काय सांगितलेस? मी पाटीवर लिहिले. त्यांना अक्षरे ओळखता येतात, पण अक्षरांनी लेकराला कशी हाक मारणार? त्यांनी पोरीच्या हनुवटीवरच्या खळीला बोट टेकवले, मग स्वतःच्या हनुवटीला. झाले दुसरे बारसे. त्याला ना कुर्र ना धपाटा.

तेव्हापासून आम्ही दोघींनी तिला हात शिकवायला घेतले. यात काही जादू नाही. दूध पाजायला घेताना मूठ उघडायची, मिटायची. आणखी हवे असेल तर बोटांची टोके तळहातावर टेकवायची; त्याचा अर्थ परत. झोपेला गालाखाली हात. संपले म्हणजे दोन्ही पंजे उताणे. लेकरू आपल्याकडे बघत असेल तेव्हाच करायचे, रोज तीच खूण करायची, आणि माझ्यासारखीने तोंडाने शब्दही म्हणायचा. कित्येक महिने पोरीने ढिम्म दाद दिली नाही. मग एका दुपारी, बसायला नुकती लागलेली असताना, तिने माझ्याकडे पाहून मूठ उघडली आणि मिटली. मी तिच्यापुढे बसून रडले. वहिनींना वाटले पोरीला काही लागले.

पण भगिनींनो, त्याच दिवशी माझ्या भीतीलाही सुरुवात झाली. कारण समोर सतरंजीवर पहिल्या ओळीत बसलेल्या माझ्या मातोश्री, नर्मदाबाई, यांनी ते पाहिले. त्या म्हणाल्या, "हातानं मागितल्यावर मिळून राहिलं तर तोंड काहून उघडंल लेकरू? मुकं कराल तुमी तिला."

यात माझी आई चुकली असे मी म्हणत नाही. मी डॉक्टर नाही. तिच्या बरोबरीची लेकरे मामा, काका म्हणू लागली आणि आमची पोरगी गप्प. मायने वेखंड उगाळून तिच्या जिभेला लावले. याच देवळातली घंटा धुऊन तिचे पाणी पाजले. येताजाता शेजारणी विचारायच्या, "बोलली का?" आणि मी पोरीला मांडीवर घेऊन रोज स्वतःला विचारायची, की माय म्हणते ते खरे निघाले तर? आईचे बहिरेपण लेकराला चिकटवणारी मी कोण? किती दुपारी मी हात पदराखाली बांधून तिच्याशी नुसती बोलत बसले. ती माझ्या पदराकडे बघत राहायची.

आता पेवाचे सांगते. आमच्या अंगणात जमिनीखाली ज्वारीचे पेव आहे. पेव उघडले की लगेच आत उतरायचे नसते, हे इथे लहान पोरालाही कळते. आत कोंडलेली हवा माणूस मारते. झाकण काढून उन्हे कलेपर्यंत ठेवायचे, दिवा सोडून पाहायचा, दिवा टिकला तर उतरायचे. गेल्याच्या मागच्या उन्हाळ्यात आमच्या सोनाजीगड्याने पेव उघडले. सोनाजीला सगळे नियम पाठ. पण वाकून बघताना त्याच्या कमरेची तंबाखूची चंची आत पडली. चंचीशिवाय सोनाजी म्हणजे घंटेशिवाय देऊळ. त्याने विचार केला, श्वास धरून उतरतो, उचलतो आणि येतो. सोनाजी, दाराआडून ऐकतो आहेस ना? खोटे असेल तर सांग.

ओट्यावर ही रुख्मिणी होती. तेव्हा नीट चालतही नव्हती. सोनाजीचा आणि तिचा एक खेळ होता. तो मुंडासे तोंडावर ओढून लपायचा आणि एकदम डोके वर काढायचा. ती हाताने परत मागायची, तो परत लपायचा.

मी स्वयंपाकघरात होते, माय देवापाशी, वहिनी माजघरात शिवत बसलेल्या. पोरगी रांगत, धरत-धरत आत आली आणि तिने वहिनींचा पदर ओढला. त्यांना हाक मारायची तिची तीच रीत. मग डोक्याभोवती बोट फिरवले. ते मुंडासे, म्हणजे सोनाजी. मग बोट खाली. मग गालाखाली हात. मग तळहातावर बोटे. परत. परत. परत.

मी दारातून पाहत होते. मला वाटले, सोनाजी झोपला, यात नवल ते काय? मायला सांगितले तर ती म्हणाली, "झोपू दे मेल्याला. दुपारचं झोपतोच."

वहिनींच्या मांडीवरची चोळी खाली पडली. त्या उठल्या आणि धावल्या.

सोनाजी लपला होता आणि वर येत नव्हता. एवढेच ती पोर सांगत होती. पुढचे तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी आपल्या डोळ्यांनी पाहिले. कंदील सोडला, तो विझला. मी ओरडले ते शेजारच्या तातेरावांना ऐकू गेले. त्यांनी आणि मी वाकळ धरून पेवाच्या तोंडाशी वारा घातला. तातेराव तोंडाला ओले फडके आणि कमरेला दोर बांधून उतरले. सोनाजीला वर काढले तेव्हा त्याचे ओठ जांभळे होते. लिंबाखाली निजवले. तो ओकला, आणि त्याने डोळे उघडून पहिल्याप्रथम चंची मागितली.

मला अजून स्वप्न पडते, ते त्याच्या ओठांचे नाही. माझे पडते. मी दारात उभी आहे आणि म्हणते आहे, झोपला असेल. लेकराचे हात बोलत होते, मला ते वाचता येत होते, आणि तरी ते बोलणे आहे असे मला वाटले नाही.

त्या दिवशी मायने नातीला गूळ भरवला, उराशी धरले. दुसऱ्या दिवशी वेखंड पुन्हा उगाळले. मी तिला दोष देत नाही. सोनाजी वाचला म्हणून पोरीची काळजी कशी सरेल? आता रुख्मिणी बोलते. पाणी म्हणते, माय म्हणते, मला आत्या म्हणते. पण कमी बोलते, आणि आईपाशी असली की मुळीच बोलत नाही, हात हलवते. म्हणून ठरले की आईला वाशीमला जाऊ द्यावे आणि पोरीची जीभ सुटेपर्यंत तिला इथे ठेवावी. दादा जाताना म्हणाला, माय म्हणेल तसे. माझे म्हणाल तर, आमच्या घरात लेकीने म्हणायची रीत नाही.

हीच माझी दुसरी भीती. घरातली गोष्ट मी चव्हाट्यावर आणली. आज घरी गेल्यावर काय होईल ते मला माहीत नाही. मी घरात बोलले असते तर तिथेच मिटली असती. इथे निदान वहिनी समोर आहेत आणि माझे हात मोकळे आहेत.

कारण भगिनींनो, हे ठरवताना एका व्यक्तीला कुणीच विचारले नाही. सुनेला विचारायची रीत नाही, आणि न ऐकणाऱ्या सुनेला विचारायचे तरी कसे, अशी दुहेरी सोय होती. परवा रुख्मिणीची झबली ट्रंकेतून बाहेर काढून ठेवलेली दिसली, तेव्हा वहिनींना कळले. त्यांनी झबल्यांच्या घड्या घातल्या. परत मोडल्या. परत घातल्या.

अध्यक्षांची परवानगी असेल तर मी आता, आपल्या सर्वांदेखत, वहिनींना विचारते. त्यांनी जे सांगितले तेच सांगेन, पदरचे एक अक्षर घालणार नाही.

मी विचारले, पोरगी इथे राहिली तर?

त्यांनी आपला पदर धरून दोनदा ओढला. मग बोट स्वतःच्या छातीला लावले. मग पंजा उताणा केला, तो म्हणजे कोण.

त्यांनी विचारले आहे, "मला हाक कोण मारील?"

वाशीमच्या त्या घरात दूध उतू गेले, दारात कुणी आले, मागे साप निघाला, तर वहिनींना पदर ओढून सांगणारे दुसरे कुणी नाही. आणि पोरीला? इथे तिच्या हनुवटीवरच्या नावाने तिला बोलावणारी मी एकटी उरेन, तीही लग्न होईपर्यंत. माय, तुझ्याशीच बोलते. तिची जीभ सुटेल की नाही, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. मलाही तुझ्याइतकीच भीती आहे. पण तिचे हात आपण बांधले, तर त्या दिवशी ओट्यावर होती तशीच एखादी वेळ येईल, आणि ती कुणाकडे जाईल?

मी थांबते. माय उठून उभी राहिली आहे.

गंगूताई, मागे ऐकू गेले नसेल म्हणून सांगते. माझ्या मातोश्री म्हणाल्या, "तिचं बोचकं मी बांधते. वेखंड बी देते संगं. बस आता खाली, किती बोलशील."

बसते, माय. पण हे वहिनींना सांगायचे राहिले आहे, आणि बोचक्याची खूण आमच्या घरात आजवर लागली नव्हती. मी आता दोन मुठींनी गाठ मारून दाखवली. खूण नवी आहे, गाठ नीट बसली नाही. पण वहिनींनी पोरीला किती घट्ट धरले आहे ते आपण पाहताच आहात, तेव्हा पोचली असावी.

वाट लांबची आहे आणि माझी भीती काही गेलेली नाही. तरी अध्यक्षांनी घंटा उशिरा वाजवली, शालूबाईंनी डोळे पुसत का होईना ऐकून घेतले, तातेरावांच्या दोराने आणि आपणा सर्वांच्या मायेने आम्हाला सांभाळले, त्याबद्दल आमच्या घरातर्फे हात जोडते. तोंडाने अधिक-उणे गेले असेल ते आपण पोटात घाला. हातांनी चुकले असेल ते वहिनी, तुम्ही. आणि घरी गेल्यावर माझे जे व्हायचे ते होवो. उद्या सकाळी मोटारीपाशी आपण सगळ्या या. रुख्मिणीला नावाने हाक मारू नका. हनुवटीला बोट लावा. ती वळून बघेल.