परक्याच्या तोंडचं नाव

रुफीना : नाही म्हणजे नाही, बाईसाहेब. दुसरी कुणी बघा.

कासिल्दा : दुसरी कोण येणार? दाराशी शिपाई बसवलाय. नव्या सरकारनं माझ्या नवऱ्याचं नाव घ्यायलाही बंदी केलीय. त्यांना गोळ्या घातल्या त्याला आज नववा दिवस. आठ दिवस मी एकटीच या वेदीपुढं बसलेय, रुफीना.

रुफीना : मग आजही तुम्हीच म्हणा की. जपमाळ हातातच आहे.

कासिल्दा : जप मी करीन. पण शेवटी नाव पुकारायचं ते परक्यानं. घरच्यानं हाक मारली तर जीव दारातच घुटमळतो, असं तुम्हीच साऱ्या गावाला सांगत आलात.

रुफीना : सांगत आले. खोटं नाही ते.

कासिल्दा : मग? शिपायाची भीती वाटते?

रुफीना : त्या मेल्याची? हात्तिच्या! मघाशी मलाच म्हणाला, आजी, माझ्या आईसाठी देवापाशी दोन शब्द टाका.

कासिल्दा : मग राग कसला? हे तुमच्याच गावचे. राष्ट्राध्यक्ष झाले तरी तुमची आठवण काढायचे.

रुफीना : काढणारच. एकाच हौदात नीळ तुडवली आम्ही. गुडघ्यापर्यंत निळे पाय घेऊन शाळेत जायचा आन्सेल्मो, पोरं चिडवून हैराण करायची. पुढं त्यानं शाळा बांधल्या, डोंगरातून रस्ता आणला. निवडून आला तेव्हा आठवडाभर मीच मिरवत होते. अन् पटकीच्या साली त्यानंच हुकूम काढला. कुणाच्या घरी जमायचं नाही, नऊ दिवसांच्या प्रार्थना बंद!

कासिल्दा : त्या हुकुमानं माणसं वाचली.

रुफीना : वाचली. कोण नाही म्हणतंय? पण माझा सिरिलो त्याच साली गेला, बाईसाहेब. गाडीत घालून नेला, चुन्याच्या खड्ड्यात टाकला. मी आई, मला हाक मारता येत नाही. अन् गावात प्रार्थना सांगणारी मी एकटीच.

कासिल्दा : बंदी उठल्यावर कुणाला तरी...

रुफीना : दिवस टळून गेले म्हणाले सगळे. पाद्रीबाबासुद्धा. सहा वर्षं तो दारातच अडकलाय, रोज संध्याकाळी त्याच्यासाठी उंबऱ्यात पाणी ठेवते मी. अन् तुम्ही म्हणता, आन्सेल्मोला वाट दाखव. माझ्या पोराची वाट त्यानं अडवली!

कासिल्दा : तो हुकूम मी लिहिला, रुफीना.

रुफीना : काय?

कासिल्दा : यांना ताप होता. दोन दिवस सही करीत नव्हते. म्हणायचे, कासिल्दा, आमच्याकडे मेलेल्याला असं दारात ठेवत नाहीत. मीच हात धुऊन मागं लागले. राजधानीत वाढलेली मी, मला हे सगळं अडाणीपणाचं वाटायचं.

रुफीना : अन् आता?

कासिल्दा : आता दार वाजलं की वाटतं, तेच उभे आहेत.

(रुफीना वेदीवरचा पाण्याचा पेला उचलून पाहते.)

रुफीना : पाणी खाली गेलंय. येऊन प्यायलाय आन्सेल्मो. तहान लागली की पहिल्यापासून असाच, घटाघटा प्यायचा. ऊन उतरलं, बाई. टेका गुडघे.

कासिल्दा : म्हणाल नाव?

रुफीना : म्हणते. त्या शिपायालाही ऐकू दे. आन्सेल्मो दे हेसुस वियाल्ता! जा रे बाबा. दार उघडं आहे, वाट मोकळी आहे. कुणी अडवत नाही तुला... रडून घ्या. मी पाणी ओतून येते.

कासिल्दा : थांबा. थोडं पेल्यात राहू द्या. तुमच्या मुलाची मी कुणी लागत नाही ना?

रुफीना : कुणी नाही.

कासिल्दा : मग मी परकीच. पूर्ण नाव सांगा त्याचं.

रुफीना : आता कुठं? सहा वर्षं झाली, बाईसाहेब.

कासिल्दा : दारातच आहे म्हणालात ना तो?

रुफीना : सिरिलो... सिरिलो मार्तीर मेल्गार. जरा मोठ्यानं म्हणा हं. त्याला एका कानानं कमी ऐकू यायचं.